शिडीवर नाव घेऊ नये

किसन गेला तेव्हा शिडी मी धरली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अकोल्याच्या मोटार अड्ड्यावर गेल्या काही आठवड्यांत चहासोबत मला हाच एक प्रश्न वाढला जातो. 'शिडी कोनं धरली होती?' मी म्हणतो, मी. मग विचारणारा बशीत फुंकर घालतो आणि पुढचं विचारत नाही. पुढचा प्रश्न त्यालाही ठाऊक असतो, मलाही. तोच प्रश्न किसनच्या मानेवर लोकांनी वर्षानुवर्षं ठेवला होता, आणि तो किती जड असतो ते मला आता कळून राहिलं आहे.

या पुरवणीच्या संपादकांचे कागदाचे गठ्ठे माझ्या लारीतून येतात. ते म्हणाले, 'तुम्ही त्याच्यासोबत एवढी वर्षं काढली, तुम्हीच लिहा.' मी म्हटलं, साहेब, मी मराठी सातवी शिकलेला ड्रायव्हर. माझा हात स्टिअरिंगवर सरळ चालतो, कागदावर वाकडा. ते म्हणाले, वाकडंच लिहा. तर हे वाकडं.

किसन आमच्या लारीचा बांधणीवाला. हमालांनी पोती चढवली की ती वर नीट रचायची, ताडपत्री ओढायची, रस्सी आवळायची आणि शिडीने खाली उतरायचं, हे त्याचं काम. ऐकायला काहीच नाही. पण सरकीची पोती रचलेली लारी टपाच्याही वर पुरुष-दीड पुरुष उंच जाते, आणि तिथून खाली पाहणाऱ्याला शिडी दिसतच नाही, पायाने चाचपून शोधावी लागते. शिडीला आमच्याकडे निसणी म्हणतात. आमची निसणी बांबूची, काथ्याने बांधलेली, आणि तिचं वय आमच्या मालकाच्या, शेटजींच्या, मोठ्या मुलाएवढं. शेटजी टायर बदलायचे, लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा शेकडो रुपये घालून गाडीला कोळशाच्या गॅसची भट्टीही बसवली, पण शिडी बदला म्हटलं की म्हणायचे, 'चालते ना? मग?' अड्ड्यावर फेरफटका मारा. कोणाचा खुबा गेलेला, कोणाचं मनगट वाकडं जुळलेलं, कोणी पाठीला फडकं बांधून नुसतीच गाड्यांची राखण करतो. सगळे शिडीचेच. माणूस पडला की मालकाचा पहिला सवाल असतो, 'माल तर नाही ना सांडला?' आग लागो त्या मालाला.

या शिडीचा एक कायदा आहे. तो कोणत्या सरकारने केला नाही, नागपूरला विचारलं तर कोणाला सांगता यायचा नाही, पण तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंत कापसाच्या कोणत्याही जिनिंगच्या अंगणात जा, हमाल तो पाळतात. शिडीवरच्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. काही सांगायचं असलं तर शिडीची खालची पायरी बोटांच्या पेरांनी ठोकायची. बांबूतून ती ठोक वरच्याच्या तळपायाला कळते, तो थांबतो, दोन्ही हातांनी शिडी धरतो आणि मगच खाली पाहतो. नावाने हाक मारली की माणूस आधी 'ओ' देतो, वळतो, आणि शिडीवर आहोत हे त्याला त्यानंतर आठवतं. कारण इतकं साधं आहे. पण म्हातारे हमाल ते असं सांगत नाहीत. ते म्हणतात, 'वर गेलेल्या मानसाचं नाव घेऊ नये बाप्पा. हाक कोनाची हाय ते वरून समजत नाही.' मी नवा होतो तेव्हा यावर खूप हसलो होतो.

किसनची जोडी मारोतीशी. दोघे अमरावतीचे, बडनेऱ्याच्या रस्त्याला भाजीचे मळे आहेत तिथले. किसनला आई नव्हती, बाप कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. मारोतीच्या आईने, सखुबाईने, त्याला आपल्या पोरासोबत वाढवलं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं, हा त्या बाईचा जन्माचा उद्योग. दुपारी स्वयंपाक झाला की ती दारात उभी राहून हाक मारायची. 'मारोतीऽऽ... किसनाऽऽ...' किसन सांगायचा की ती हाक विहिरीपलीकडच्या बांधापर्यंत पोचायची आणि त्यांनी हातातला दगड किंवा पेरू जो असेल तो टाकून धूम ठोकायची. उशीर झाला तर भाकरीआधी पाठीत धपाटा मिळायचा. पुढे दोघे एकाच लारीवर लागले, माझ्या. एक वर चढायचा, एक शिडी धरायचा. भांडायचे कसे, तर तंबाखूच्या चिमटीवरून. पण शिडी धरताना दोघांचेही दोन्ही पाय शिडीच्या पायांवर घट्ट असायचे.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये आम्ही सरकी भरत होतो. ऐन दुपार. हमाल जेवायला बसले म्हणून जिनिंगचं इंजिन बंद केलेलं, त्यामुळे अंगण अगदी गप्प. जिनिंगचं अंगण गप्प झालं की कानाला दडे बसल्यासारखे वाटतात. मी वजनकाट्याच्या खोलीत पावतीसाठी उभा होतो. धप्प असा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर मारोती काट्याच्या दगडावर पडलेला, आणि किसन शिडी तशीच घट्ट धरून उभा. शिडी तसूभरही हललेली नव्हती. किसनचे हात तिच्यावरून मला सोडवावे लागले.

त्याने मला त्या दिवशी सांगितलं, आणि नंतर जन्मभर जसंच्या तसं सांगत राहिला. मारोती उतरत होता. अर्ध्यात थांबला. कान टवकारल्यासारखं केलं. मग मोठ्याने 'ओ... आलो!' म्हणाला, हात सोडले, आणि पूर्वेकडे वळून हवेत पाय टाकला. पूर्वेकडे काय होतं? जिनिंगची भिंत. 'डायवर, मी हाक नाही मारली,' किसन म्हणाला. 'मले बी काही ऐकू नाही आलं. मंग त्यानं ओ कोनाले देल्ली?'

माझा त्याच्यावर विश्वास बसला, कारण खोटं बोलणं त्याला जमतच नसे. चहा पचपचीत असला तर तो हॉटेलवाल्याच्या तोंडावर सांगायचा. पण अड्ड्याचा बसला नाही. शिडीजवळ दुसरं कोणी नव्हतं, मग हाक याच्याशिवाय मारणार कोण? मारोतीची माय अमरावतीहून आली. रडली नाही. किसनसमोर उभी राहिली आणि एवढंच विचारलं, 'हाक कोनं मारली?' किसन म्हणाला, 'कोनीच नाही, माय.' ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पदर डोक्यावर ओढून निघून गेली. त्या दिवसापासून तिने किसनचं नाव तोंडातून काढलं नाही.

यानंतरची वर्षं किसनने एकाच गोष्टीसाठी काढली असं मी म्हणेन. लग्न केलं नाही, जमीन घेतली नाही. अमरावतीची फेरी असली की भाजीबाजारात जायचा आणि सखुबाईच्या टोपलीसमोर बसायचा. ती त्याला गिऱ्हाइकासारखी वांगी मोजून द्यायची, पैसे घ्यायची, पुढे बघायची. मी एकदा चिडून म्हटलं, 'काहून जातो बे तिथं? ती बाई तुले ओळख देत नाही, अन् आपल्या गाडीत वांग्यांचा ढीग सडून राहिला.' तो म्हणाला, 'मले दुसरं काही नाही पायजे, डायवर. मायनं एकदा नावानं हाक मारली का झालं.' मी त्याच्या बाजूने दोनदा तिला समजवायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'सांबार घेतो काय, भाऊ?' एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. ती बाई कोणालाच नावाने हाक मारत नसे. शेजारणीला 'अवं बाई', पोरांना 'ए बापू', मला 'भाऊ'. मला वाटायचं, दुःखाने माणूस कडू होतो. कडूनिंबासारखी बाई, असं मी किसनला चिडवायचोही.

किसनमध्येही एक फरक पडला होता. शिडीवर चढण्याआधी तो रुईचे, म्हणजे कापसाचे, दोन बोळे करून कानात घट्ट बसवायचा. अड्ड्यावरचे हसायचे. पण तळपायाला शिडीची ठोक कळत होती, काम अडत नव्हतं. मी एकदा विचारलं, अरे, असं का? तो म्हणाला, 'भर दुपारी वर असलो का कधी कधी वाटते, कोनी तरी हाक मारायच्या बेतात हाय. मारत नाही. पन बेतात हाय.' हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, जसं कोणी म्हणावं की आज आभाळ आहे.

वर्षातून एक दिवस त्याला अमरावतीला असायचंच असायचं. अक्षय तृतीयेला. आमच्याकडे आखजीला पितरांना जेवू घालतात. गेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवतात, त्याचं पितर म्हणून, आणि त्याला आंब्याचा रस, कुरड्या वाढतात. सखुबाई दर वर्षी कोणा शेजाऱ्याला मारोतीच्या जागी बसवायची. किसन रस्त्यापलीकडच्या निंबाखाली तिच्या दाराकडे तोंड करून बसायचा. पंगत उठली की उठायचा. मी त्याला म्हणायचो, 'जीव कसा रे तुझा असा? उपाशी बसतो अन् दुसऱ्याचं जेवन पाहतो!' तो नुसता हसायचा.

यंदाच्या आखजीला आम्ही अकोल्यात अडकलो. माल अमरावतीचा होता, पहाटेच निघायचं ठरलं होतं, पण काट्यावर घोळ झाला आणि ऊन डोक्यावर आलं. जिनिंग तेच होतं, अंगण तेच. किसन सकाळपासून नुसता तडफडत होता. 'चाल ना डायवर, मायच्या दारी पंगत बसून जाईल अन् मी इथंच राहीन.' मी म्हटलं, 'बांध लवकर, गाडी अशी पळवतो की पंगत उठायच्या आत पोचशील.' त्याने कानात बोळे घातले आणि वर गेला. मी शिडी धरली. दोन्ही पाय तिच्या पायांवर. इंजिन बंद झालं. हमाल जेवायला गेले. ते गप्प होणं मला मागची आठवण करून देणारं होतं, आणि मी मनात म्हटलंही, लवकर उतर रे राजा...

तो उतरायला लागला. अर्ध्यावर आला आणि थांबला. त्याचं वजन बांबूत एकदम स्तब्ध झालेलं मला तळहातांना कळलं. मी पायरी ठोकली. तो थांबलेलाच. मग त्याने मान वर केली. बोळे घातलेला माणूस बोलतो तशा मोठ्या आवाजात, पण लहान पोरासारखा, ओरडला, 'ओ माय! आलो!' मी त्याचा चेहरा पाहिला. हसत होता. त्याला तसं हसताना मारोती गेल्यानंतर मी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात सोडून तो पूर्वेकडे वळला आणि उंबरठा ओलांडावा तसा त्याने पाय पुढे टाकला.

शिडी माझ्या हातात तसूभरही हलली नाही.

डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. जिनिंगचा मुन्शी धावत आला आणि तोच प्रश्न त्याच्या ओठांवर आला, 'हाक तर नाही ना मारली तुम्ही?' किसनचं डोकं मांडीवर होतं. मी त्याच्या एका कानातून बोळा काढला, मग दुसऱ्या. दोन्ही घट्ट, आतपर्यंत बसवलेले. हात उघडून मुन्शीला दाखवले. जमलेले हमाल एकेक पाऊल मागे सरकले. मी हाक मारली असती तरी त्याला ऐकू आली नसती, हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्याने ओ दिली होती, हेही मी ऐकलं होतं. संध्याकाळी अड्ड्यावरच्यांनी मिळून त्याला पोचवलं. अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी माल घेऊन अमरावतीला गेलो. शेटजींना सुतक नसतं. गाडी खाली करून सखुबाईकडे गेलो तर ती दारातच बसलेली. आत पाटासमोर एक ताट झाकून ठेवलेलं, कालचं. मुंग्या लागल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, 'कोनत्या वेळी?'

मी म्हटलं, 'काय माय?'

'गेला ना तो? कोनत्या वेळी गेला?'

मी सांगितलं. ऐन दुपारी, हमाल जेवायला गेले तेव्हा. आणि तो काय बोलला तेही सांगितलं. ती नुसती मान डोलवत राहिली. मग बोलायला लागली. तिच्या तोंडून इतके शब्द एका दमात मी कधी ऐकले नव्हते.

'मारोती गेला त्या दिवशी तो फेरीवर हाय, हे मी इसरली होती, भाऊ. भाकरी झाल्या अन् सवयीनं दारात आली. हाक मारली. मारोतीऽऽ म्हनून. शेजारीन हसली, म्हने तुहा लेक अकोल्याले गेला ना वं? मी बी हसली. मंग सांजच्याले निरोप आला. येळ इचारली मी. तीच येळ. तीच, भाऊ! मले तवाच समजलं. पन माय हाय मी... माह्या हाकेनं माहं लेकरू पडलं, असं कोन्या तोंडानं म्हनू? त्याच्यावर ढकललं. त्या बिचाऱ्यानं निमूट घेतलं. अन् मी त्या दिवसापासून कोनाचं नाव घेनं सोडलं.'

मी म्हटलं, 'माय, तुमचा भ्रम असंल.'

'मले बी असंच वाटलं,' ती म्हणाली. 'मन म्हने, सखू, आता म्हातारी झाली, कवरिक त्या पोराले जाळशील? साठ मैलांवरून कोनाची हाक पोचते काय? यंदा म्हटलं, मारोतीच्या जागी किसनालेच बसवू. ताट वाढलं. दर साली तो निंबाखाली असतोच ना, म्हनून पाह्यलं बी नाही. दारात आली अन् हाक मारली. जुन्या वक्ती मारत होती तशी. किसनाऽऽ, ये रे बापा जेवाले...' तिने रस्त्यापलीकडे बोट केलं. 'निंबाखाली कोनीच नव्हतं.'

जे खरं होतं तेच मी बोललो. 'माय, तो हसत होता. आलो म्हनला.' तेव्हा ती रडली. मारोतीच्या वेळी न रडलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं, आणि तिच्यासोबत मीही रडलो, सांगायला लाज कसली. त्याला जन्मभर एकच हवं होतं आणि ते त्याला मिळालं. मिळायची जागा तेवढी चुकली... की नाही चुकली, कोण जाणे. पितराच्या पाटावर त्याला बोलावलं होतं आणि तो आला, असंही कोणी म्हणेल. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. साठ मैलांवरून हाक ऐकू येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण माझ्या तळहातांना जे कळलं ते मी कुठे ठेवू?

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, 'भाऊ, तू बी चढतो काय रे शिडीवर?' म्हटलं, आता चढतो, दुसरा कोणी आहे कुठे? ती म्हणाली, 'इतकी वर्षं येऊन राहिला तू माह्या टोपलीपाशी. तुहं नाव मले माईत नाही.' मी नाव सांगायला तोंड उघडलं तर तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. भाजीच्या मातीचा वास होता त्या हाताला. 'सांगू नको, बापा,' म्हणाली. 'सवय वाईट असते.'

शिडी अजून तीच आहे. खालच्या पायरीला ठोकून ठोकून एक गुळगुळीत खळगा पडला आहे, मारोतीच्या, किसनच्या आणि माझ्या पेरांचा. मी चढण्याआधी त्यावर बोट फिरवतो. किसनचे ते दोन बोळे माझ्या सीटमागच्या डब्यात आहेत. एकदा कानात घालून पाहिले, पण उपयोग काय, म्हणून काढून ठेवले. संपादक म्हणतात, लेखाखाली नाव लागतं, तशी पद्धत आहे. मी त्यांना हात जोडले. सखुबाईला वाचता येत नाही, पण तिच्या शेजारच्या मास्तरांकडे ही पुरवणी जाते आणि किसनवर काही छापून आलं की ते तिला वाचून दाखवतीलच. उद्या दुपारी मला सरकी बांधायची आहे. म्हणून या लेखाखाली नाव नाही.